कासवाची पिल्ले आणि बागेवरचे कावळे

पत्राचा सारांश: मुलुंडच्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. घरामागे त्यांच्या वाट्याला छोटी बाग आली आहे. मधे हिरवळ असून कडेने कण्हेर, जास्वंद आणि अळू लावलेले आहे. गेल्या दिवाळीत त्यांच्या धाकट्या दिरांनी पुतण्यासाठी कासवाची दोन पिल्ले आणली. दुकानदाराने ती ‘आफ्रिकन’ असल्याचे सांगितले होते. तळहातावर मावतील एवढी, फिकट पिवळसर रंगाची ही पिल्ले आतापर्यंत काचेच्या टाकीत होती. ‘बिचारी कोंडून पडली आहेत’ असे सासूबाई म्हणाल्या, म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला त्यांना बागेत सोडायला सुरुवात झाली आणि आठवडा उलटायच्या आतच एका कावळ्याने लहान पिल्लाला उलटे करून चोची मारल्या. पिल्लू वाचले, पण मागच्या पायाला खरचटले. आता यजमान म्हणतात, पुन्हा टाकीतच ठेवा. सासूबाई म्हणतात, जाळीखाली ठेवणे म्हणजे तुरुंगच झाला, आणि त्यांना कवच आहेच की. पिल्लांना बागेत सुरक्षित कसे ठेवावे आणि ती पूर्ण मोकळी कधी सोडता येतील, असा वाचकांचा प्रश्न आहे.

नमस्कार.

तुमच्या प्रश्नाकडे येण्याआधी त्या खरचटलेल्या पायाबद्दल लिहिते, कारण ते काम थांबणारे नाही. उन्हाळ्यात उघड्या जखमेवर माश्या अंडी घालतात, आणि कासवाच्या कातडीच्या घड्यांत अळ्या झाल्या तर त्या वरवर पाहून लक्षातही येत नाहीत. जखम सलाइनने धुवा. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावा, आणि जखम पूर्ण सुकेपर्यंत त्या पिल्लाला मातीवर न ठेवता घरात स्वच्छ कागदावर ठेवा. हळद, खोबरेल, तूप यांपैकी काहीही लावू नका. पाय सुजला, पिल्लू तो टेकवेनासे झाले किंवा त्याने दोन दिवस खाल्ले नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करण्याचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडे न्या. कुत्र्यामांजरांचे सगळेच डॉक्टर कासव तपासतात असे नाही, त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून विचारलेले बरे.

आता मूळ प्रश्न. तुमच्या घरात दोन मते दिसत असली, तरी दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे असे मला वाटते. मोकळी हिरवळ हे सुख आणि जाळी ही कैद, हे यजमानांनाही मान्य आहे आणि सासूबाईंनाही. यजमान जिवाच्या काळजीने ते सुख नाकारायला तयार आहेत आणि सासूबाईंना ते नाकारणे पाहवत नाही, एवढाच काय तो फरक. पण पिल्लाला स्वतःला तसे वाटते का, हे आपण विचारलेलेच नाही. रानात कासवाचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्या क्षणापासून एकटे असते. आई त्याची राखण करत नाही, आणि उघड्यावर दिसले की ते कुणाच्या तरी तोंडी जाते. त्यामुळे पहिली काही वर्षे ही पिल्ले झुडपांच्या बुंध्याशी, गवताच्या दाट जाळीत, इतर प्राण्यांनी खणलेल्या बिळांत दडून काढतात. सकाळी थोडे ऊन खायचे, हाताशी असलेले चरायचे आणि पुन्हा आत शिरायचे, असा त्यांचा दिवस असतो. कापलेल्या हिरवळीच्या मधोमध ठेवलेले पिल्लू भिंतीच्या कडेने तुरुतुरु धावत सुटते, तेव्हा आपण कौतुकाने म्हणतो की बघा, कसे खुशीत आहे. खरे तर ते आडोसा शोधत असते. तेव्हा मोकळे ठेवायचे की कोंडायचे हा वाद बाजूला ठेवून, पिल्लाला दडायला पुरेशी जागा आहे का, एवढेच विचारून पाहा. तुमच्या बागेतल्या बहुतेक निर्णयांचे उत्तर त्यातून निघेल.

कवचाच्या भरवशाबद्दलही थोडे सांगायला हवे. मोठ्या कासवाचे कवच टणक असते, पण पहिल्या वर्षा-दीड वर्षात कवचाखालचे हाड पूर्ण भरलेले नसते आणि बोटाच्या दाबानेही ते किंचित लवते. (कृपया दाबून पाहू नका.) शिवाय कावळा कवच फोडत बसत नाही. तो पिल्लाला उलटे करतो आणि पायांच्या खोबणीत किंवा डोळ्यावर चोच मारतो. कावळा उडवून लावला तरी उलटे पडलेले पिल्लू तसेच राहिले, तर धोका टळलेला नसतो. कासवाची फुप्फुसे पाठीकडच्या कवचाला लागून असतात, त्यामुळे उलट्या स्थितीत पोटातल्या इतर अवयवांचा भार त्यांच्यावर येतो आणि वरून ऊन असेल तर एवढासा जीव फार थोड्या वेळात तापून मरू शकतो. एप्रिल ते जून हा मुंबईतल्या कावळ्यांचा घरट्यांचा हंगाम असतो. पिल्लांना भरवण्याच्या घाईत ते एरवीपेक्षा धीट होतात आणि एकदा हेरलेल्या जागी परत येतात. कावळ्याखेरीज घार, मांजर, मुंगूस आणि रात्रीची घूस यांचीही गणती करा. राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला असलेल्या तुमच्या उपनगरात यांपैकी कशाचीच वाण नाही.

पिंजऱ्याकडे वळण्यापूर्वी मात्र एका गोष्टीची खात्री करून घ्या. दुकानदाराने ‘आफ्रिकन’ म्हटले एवढ्यावर थांबू नका, कारण नाव कोणतेही सांगून काहीही विकले जाते. पिल्लाच्या कवचाचा रंग गडद असेल आणि प्रत्येक खवल्याच्या मध्यापासून पिवळ्या रेषा किरणांसारख्या बाहेर पसरल्या असतील, तर ते आपले भारतीय तारा कासव, म्हणजेच स्टार कासव आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे, आणि तिच्यानुसार ही जात पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत गेली आहे. ते घरात बाळगणे हा गुन्हा आहे, मग ते विकत घेतलेले असो, भेट आलेले असो किंवा लक्ष्मी येते म्हणून कुणी आणून ठेवलेले असो, आणि त्यासाठी किमान तीन वर्षांची कैद होऊ शकते. तसे आढळले तर महाराष्ट्र वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करून ते सुपूर्द करा. येऊरच्या किंवा आरेच्या रानात गुपचूप सोडून देऊ नका. तारा कासव इकडच्या डोंगरांतले नाही. शिवाय दुकानात दाटीवाटीने राहिलेल्या प्राण्याबरोबर रोगही रानात जातात.

तुमच्या वर्णनावरून मात्र ही सुल्काटा जातीची पिल्ले असावीत असे दिसते. फिकट वाळूच्या रंगाचे कवच, प्रत्येक खवल्याभोवती तपकिरी कड आणि पुढच्या पायांवर जाड, टोकदार खवले, ही तिची ओळख. ही जात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातली. परदेशी जातीचा प्राणी पाळायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही, पण फेब्रुवारी 2024 मध्ये निघालेल्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते आणि ताबा मिळाल्यापासून 30 दिवसांत अर्ज करणे अपेक्षित आहे. दिवाळीपासूनचे 30 दिवस केव्हाच उलटले आहेत. तरी आता काय बोलणार असा संकोच न करता दिरांकडून दुकानाची पावती मागून घ्या आणि वन विभागाच्या कार्यालयात स्वतःहून जाऊन विचारा. पुढे प्राणी दुसऱ्याला दिला, तो मेला किंवा त्याला पिल्ले झाली, तर तेही कळवावे लागते.

आता बागेतल्या जागेबद्दल, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बहुतेक अपघात इथल्या ढिलाईनेच होतात. साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद वाफा आखा. त्याच्या चारी बाजू फूटभर उंचीच्या आणि अपारदर्शक हव्यात, मग त्या विटांच्या असोत की जुन्या दाराच्या फळ्यांच्या. जाळीची किंवा काचेची भिंत नको, कारण पलीकडचे दिसत राहिले की कासवाला ती अडचण आहे हे उमगत नाही आणि ते दिवसभर तिथेच नाक घासत, पाय मारत राहते. तुमच्या पत्रात टाकीतली पिल्ले ‘सारखी काचेला धडका देतात’ असे लिहिले आहे, ते यामुळेच, आणि सासूबाईंना त्यांची दया आली यात काही चूक नाही. चारी बाजू अपारदर्शक केल्या की ते धडकणे बहुधा थांबते. कोपऱ्यांत पिल्ले एकमेकांच्या किंवा दगडाच्या आधाराने चढतात आणि पाठीवर पडतात, म्हणून कोपऱ्यात विटेचा तुकडा, दगड किंवा कुंडीचा काठ असे काही ठेवू नका.

वरून झाकण हवेच. मुंबईत बाल्कनीबाल्कनीला असते ती कबुतरांची नायलॉनची जाळी इथे अजिबात कामाची नाही. घूस ती एका रात्रीत कुरतडते, मांजर वर बसले की ती झोळीसारखी थेट पिल्लांपर्यंत लोंबते, आणि सुटलेल्या धाग्यांत पिल्लाचा पाय अडकून आवळला जातो तो वेगळाच. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी तारही पातळ असते. हार्डवेअरच्या दुकानात गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली जोडतारेची जाळी, फुटावर मिळते. अर्धा इंच चौकोनांची ती जाळी घ्या आणि लाकडी चौकटीवर ठोकून बिजागऱ्यांनी वाफ्याला बसवा. दोन्ही टोकांना कडी-कोयंडा लावा. नुसते वजन म्हणून वीट ठेवलेले झाकण मांजर सहज सरकवते. हीच जाळी वाफ्याच्या तळाशीही, माती भरण्याआधी, नऊ इंच खोल अंथरून कडेने वर वळवून भिंतीला ठोका. घूस भिंत चढून येण्यापेक्षा खालून पोखरून येणे जास्त पसंत करते, हे तळमजल्यावर राहणाऱ्यांना मी सांगायला नकोच. तळाला पाणी निघून जायला वाट ठेवा आणि बागेतल्या मोरीच्या तोंडालाही जाळी लावा.

एवढे झाल्यावर आतली सजावट, जी पिल्लांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची आहे. एक फुटकी मातीची कुंडी आडवी करून निम्मी मातीत पुरा, तिचे तोंड सावलीकडे करा आणि आत दमट माती व वाळलेली पाने भरा. तिच्या फुटक्या धारा कानशीने घासून बोथट करा. वाफ्याचा निम्मा भाग गवताच्या दाट गड्ड्यांनी आणि जास्वंदाच्या फांद्यांनी असा भरून टाका की वरून पाहणाऱ्याला पिल्लू चटकन दिसूच नये. तुमच्या मुलाला सुरुवातीला हे रुचणार नाही, कारण त्याला कासव बघायचे असते. पण त्याला पालापाचोळ्याकडे नीट पाहायला सांगा. थोड्या वेळाने पानांखालून कवचाची मागची कड दिसते, मग पान हलते, मग डोके बाहेर येऊन आधी डावीकडे, मग उजवीकडे वळते, आणि सगळे ठीक असल्याची खात्री झाल्यावरच पिल्लू चार पावले पुढे येऊन गवताचे टोक तोडते. हाच खेळ दिवसातून अनेकदा चालतो. पळत सुटलेल्या घाबरट पिल्लापेक्षा असे निवांत पिल्लू पाहण्यात जास्त गंमत आहे, हे मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळते.

पाण्यासाठी कुंडीखालची मातीची ताटली मातीच्या पातळीला पुरून ठेवा. तिच्यातले पाणी पिल्लाच्या हनुवटीपेक्षा वर जाऊ देऊ नका. जमिनीवरचे कासव पोहू शकत नाही, आणि वाटीभर पाण्यात उलटे पडून पिल्लू बुडू शकते. गुळगुळीत चिनी मातीचे किंवा स्टीलचे भांडे नको, त्यावरून पाय घसरतात. याखेरीज पिल्लांना रोज पंधरा-वीस मिनिटे कोमट, उथळ पाण्यात बसवा. एवढ्या लहान शरीरातले पाणी फार लवकर कमी होते, आणि वाळवंटातला प्राणी म्हणून त्याला कोरडे ठेवण्याची चूक पुष्कळ जण करतात. रानातली पिल्ले दिवसाचा बराच वेळ बिळाच्या दमट हवेत असतात. सतत कोरड्या हवेत वाढलेल्या सुल्काटाच्या कवचावर प्रत्येक खवला उंचवट्यासारखा वर येतो आणि तो पुढे सपाट होत नाही. या बाबतीत मुंबईची दमट हवा तुमच्या बाजूची आहे.

ऊन द्यायलाच हवे, आणि इथे टाकीच्या बाजूने मत देता येत नाही. कवच आणि हाडे घडण्यासाठी लागणारे जीवनसत्त्व ड कासवाला थेट उन्हातल्या अतिनील किरणांमुळे तयार करता येते, आणि ते किरण खिडकीच्या किंवा टाकीच्या काचेतून आत येत नाहीत. तारेच्या जाळीतून येतात. उलट उन्हात ठेवलेली काचेची टाकी भट्टी होते, म्हणून टाकी उचलून बागेत ठेवण्याचा मधला मार्ग कुणी सुचवला तर तो मुळीच मान्य करू नका. सध्याच्या दिवसांत सकाळी साडेसात ते नऊ ही वेळ उत्तम आहे. पहिल्या आठवड्यात तासभर बाहेर ठेवा आणि पिल्ले नीट खातात-हिंडतात असे दिसले तर हळूहळू वाढवा. वाफ्याचा एक भाग उन्हात आणि एक भाग दाट सावलीत असलाच पाहिजे, म्हणजे कुठे बसायचे हे पिल्लाला ठरवता येते. सावलीही पिल्लाच्या उंचीवर मोजायची असते. आपल्या डोक्याला वारा लागत असतो तेव्हा कोटा लादीवर पाय टेकवत नाही, आणि पिल्लाचे पोट त्या लादीपासून बोटभरच वर असते. साधा थर्मामीटर मातीवर आडवा ठेवून पाहा. सावलीतला पारा तिशीच्या आसपास असावा. पस्तिशीच्या पुढे जाऊ लागला की पिल्ले घरात आणा. रात्री ती घरातच हवीत, एकही अपवाद न करता, कारण झाकण कितीही पक्के असले तरी घुशीकडे अख्खी रात्र असते. घरातल्या टाकीला बाहेरून तीन बाजूंनी कागद चिकटवा आणि आत दडायला काहीतरी ठेवा, म्हणजे यजमानांची टाकीही वाया जाणार नाही.

पावसाळा आता दीड-दोन महिन्यांवर आहे, म्हणून त्याबद्दल आत्ताच लिहिते. साहेल पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी वर्षभरात 600 मिलिमीटरही पाऊस होत नाही. आपल्याकडे 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर झाला होता. तो दिवस अपवादाचा होता हे मान्य केले, तरी जुलैच्या साध्या सरीतही तळमजल्याच्या बागेत वीतभर पाणी साचायला अर्धा-पाऊण तास पुरतो, आणि त्या वेळी तुम्ही कामावर आणि गाड्या बंद, ही मुंबईची नेहमीची तऱ्हा. दमट हवा पिल्लांना सोसते, पण अंग ओले, माती चिखलाची आणि वारा गार, हे एकत्र आले की छातीचा संसर्ग होतो. नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे, मान ताणून बसणे ही त्याची लक्षणे, आणि ती दिसली तर डॉक्टरांकडे जायला दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. जून ते सप्टेंबर पिल्ले मुख्यतः घरातच राहतील असे धरून चाला. घरातल्या जागेवर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारा अतिनील किरणांचा दिवा लावा आणि उघडीप मिळेल तेव्हा, माती निथळल्यानंतर, कुणीतरी शेजारी बसणार असेल तरच बाहेर काढा.

तुमच्या बागेतली कण्हेर मला सगळ्यात जास्त खटकली. तिचे पान, फूल, देठ, वाळून पडलेला पाचोळासुद्धा विषारी असतो. ती वाफ्यापासून लांब असली तरी वाऱ्याने पाने येतात, म्हणून ती काढून टाका. पिवळी कण्हेर, रुई, धोतरा, घाणेरी, एरंड, अडेनियम आणि कुंडीतला डिफेनबॅकिया यांनाही हाच न्याय. अळूच्या पानांतल्या सूक्ष्म सुयांसारख्या स्फटिकांनी पिल्लाचे तोंड सुजते, तेव्हा अळू वाफ्याच्या आवाक्याबाहेर राहू दे, तुमच्या फतफत्यासाठी. जास्वंद मात्र पाना-फुलांसह खुशाल द्या. खाण्याबद्दल अधिक विस्तार करत नाही. मुख्य आहार हरळीसारखे गवत, जोडीला तुतीची किंवा शेवग्याची थोडी पाने, फळ क्वचित, आणि पोळी, भात, दूध, पाव कधीच नाही.

विष झाडांतूनच येते असे नाही. सोसायटीत डासांसाठी धूरफवारणी होते, उंदरांचे औषध ठेवले जाते, माळी गोगलगायींसाठी गोळ्या टाकतो किंवा गुलाबावर काहीतरी मारून जातो, आणि यातले काहीही तुम्हाला विचारून होत नाही. सेक्रेटरींना आणि माळ्याला एकदा स्पष्ट सांगून ठेवा, आणि फवारणी झाली असेल तर जोराचा पाऊस होईपर्यंत किंवा वरची माती बदलेपर्यंत वाफा बंद ठेवा. गवत कापण्याचे यंत्र चालू होण्यापूर्वी पिल्ले मोजून घरात आली आहेत याची खात्री करण्याचे काम मुलाकडे द्यायला हरकत नाही. पिल्ले हाताळल्यावर त्याने साबणाने हात धुतलेच पाहिजेत, कारण कासवे निरोगी दिसत असली तरी त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेलाचे जंतू येतात. आंघोळीचे पाणीही स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका.

आणखी एक समजूत, तिच्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही. पत्रात ‘जोडी’ असा उल्लेख आहे आणि एकमेकांना सोबत होते असे तुम्ही म्हणता. कासवांना सोबत लागत नाही. दोन पिल्ले एकत्र असली की बहुधा एक दुसऱ्यावर कुरघोडी करते. भांडण दिसतेच असे नाही. वरचढ पिल्लू नुसते दुसऱ्याच्या वाटेत बसते, त्याच्या खाण्यावर पाय देऊन उभे राहते, आणि आपण म्हणतो की दोघे कसे बिलगून आहेत. तुमच्या दोघांत एक लहान राहिले आहे, यावरून मला तीच शंका येते. वाफ्यात मधे फळी टाकून दोन कप्पे करा, दोन्हींत दडायची जागा आणि पाणी वेगवेगळे ठेवा, आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघांची वजने करून वहीत तारखेसह लिहा. वजन सलग दोन-तीन आठवडे वाढत नसेल, तर काहीतरी बिघडले आहे हे तुम्हाला डोळ्यांना दिसण्याच्या खूप आधी कळेल. ओळखण्यासाठी कवचाला भोक पाडणे, दोरी ओवणे किंवा रंग लावणे हे मात्र करू नका. कवच जिवंत असते. पोटाकडच्या बाजूचे फोटो काढून ठेवले की पुरते, तिथली नक्षी प्रत्येकाची निराळी असते.

‘पूर्ण मोकळी कधी’ या प्रश्नाचे उत्तर कवचाच्या लांबीवर ठरते. साधारण आठ इंच लांबी झाल्यावर कावळा आणि घार यांची भीती बरीच ओसरते आणि दिवसा, बागेला चारी बाजूंनी पक्के कुंपण असेल तर, वरच्या जाळीशिवाय ठेवता येते. कुत्र्याची भीती कधीच ओसरत नाही, मग तो शेजाऱ्यांचा कितीही गुणी लॅब्रेडोर असो. चोरीचीही ओसरत नाही. पण त्याच वेळी तुमच्यापुढे वेगळाच प्रश्न उभा राहील. सुल्काटा ही मुख्य भूमीवरची सर्वांत मोठी कासवाची जात आहे. नर 45 किलोच्या पुढे जातात, 50 वर्षांहून अधिक जगतात आणि जमीन खणणे हा त्यांचा स्वभाव आहे. सोसायटीच्या कुंपणाच्या पायाखाली ते बीळ करू लागले की वार्षिक सभेत काय होईल, हे मी लिहीत नाही. दिरांनी प्रेमाने भेट दिली, दुकानदाराने हे सांगितले नाही, यात तुमचा दोष नाही. तरीही आत्ताच घरात बसून बोला. एक मार्ग म्हणजे पुढची चार-पाच वर्षे नीट सांभाळायचे आणि दरम्यान कर्जत-पालघरकडे स्वतःची मोकळी जमीन असलेल्या, जबाबदार माणसाची ओळख काढून, नोंदणीच्या रीतसर हस्तांतराने त्यांना द्यायचे. दुसरा मार्ग म्हणजे एकच पिल्लू ठेवायचे. तिसरा, एवढे आपल्याने होणार नाही असे वाटत असेल तर वन विभागाशी आत्ताच बोलायचे. माझा कल पहिल्याकडे आहे, कारण मुलाचा जीव त्यात गुंतला आहे आणि तुम्ही काळजीने पत्र लिहिले आहे. पण नोकरी, घर आणि दोन कासवे यांचा ताळमेळ तुम्हालाच घालायचा आहे, त्यामुळे तिसरा मार्ग निवडलात तर त्यात कमीपणा मानू नका.

गणपतीला तुम्ही सगळे आठवडाभर गावी जाता असे पत्राच्या शेवटी लिहिले आहे. त्या दिवसांत पिल्ले बागेत ठेवू नका आणि कोकणात प्रवासालाही नेऊ नका. घरातल्या टाकीतच ठेवून शेजाऱ्यांकडे किल्ली द्या. दिव्याला टायमर बसवा. सकाळी मूठभर गवत, पाणी बदलणे आणि पंधरा मिनिटांची आंघोळ एवढेच काम असते, पण ते एका कागदावर लिहून टाकीवर चिकटवा. त्याच कागदावर डॉक्टरांचा फोन क्रमांक आणि दोन्ही पिल्लांचे शेवटचे वजन लिहायला विसरू नका, आणि निघण्याच्या आदल्या रविवारी शेजाऱ्यांकडून हे सगळे एकदा तुमच्यासमोर करून घ्या.